पुढचे आठ तास

गोळ्यांची पट्टी कापताना कात्री बहुधा नावाच्या मधूनच जाते. कुणी चारच गोळ्या मागितल्या, तर बॅच नंबर आणि एक्सपायरी असलेलं टोक दुकानात ठेवायचं आणि दुसऱ्या टोकाकडून कापायचं, ही मेडिकलमधली रीत. गिऱ्हाइकाच्या हातात जातो तो चार गोळ्यांचा चकचकीत तुकडा. त्यावर औषधाच्या नावातली दोन-तीन इंग्रजी अक्षरं असली तर असतात. पट्टीच्या मागे एक ताकीद छापलेली असते: डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे. 1945 च्या औषध नियमांत 'शेड्यूल जी' नावाची यादी आहे. तिच्यात अँटिहिस्टामिन औषधं नावानिशी दिली आहेत: फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामिन, सायप्रोहेप्टाडिन, डॉक्सिलामिन आणि आणखी काही. यादीतल्या औषधावर ही ताकीद असलीच पाहिजे, असा कायदा आहे. ती इंग्रजीत असते, बारीक असते, आणि सुटी गोळी विकली की तिचे तुकडे होतात.

मी गारखेड्यात मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. सूतगिरणी चौकाकडून, पुंडलिकनगरातून, गजानन महाराज मंदिराच्या बाजूनं माणसं येतात. सकाळी साडेपाचलाच शटर उघडावं लागतं, कारण चिकलठाणा आणि वाळूजच्या कंपन्यांची पहिली पाळी त्याच सुमाराला घराबाहेर पडते. दुपारी शिवाजीनगरातली पेन्शनर मंडळी, संध्याकाळी क्लासची मुलं, रात्री दवाखान्यातून थेट चिठ्ठी घेऊन आलेले आईबाप. अँटिहिस्टामिन यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी लागतं, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण ते घेतलं हे ठाऊकही नसतं. कारण ते त्याच्या नावानं कुणी मागत नाही. 'सर्दीची गोळी द्या.' 'गाडी लागते, त्याचं काहीतरी.' 'अंगावर गांध्या उठल्यात.' 'पित्ताची गोळी.' या शेवटच्या मागणीला उलट विचारावंच लागतं: छातीत जळजळ होतेय की अंगावर उठलंय? दोन्हींच्या मागे हिस्टामिनच असतं, पण शरीरातली कुलपं वेगळी आणि किल्ल्याही वेगळ्या.

या औषधांची गुंगी हा अपघात नाही, हे आधी सांगायला हवं. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात पेशींचा एक छोटा पुंजका आहे. आपण जागे असताना त्या पेशी हिस्टामिन सोडत राहतात. तेच हिस्टामिन त्वचेत खाज आणतं, नाकात पाणी आणतं आणि मेंदूत जाग ठेवतं. जुनी अँटिहिस्टामिनं रक्तातून मेंदूत सहज शिरतात, म्हणून नाक थांबवतानाच ती जागही मंदावतात. जपानच्या तोहोकू विद्यापीठात काझुहिको यानाई यांच्या गटानं पेट स्कॅननं हे मोजलं. क्लोरफेनिरामिनच्या नेहमीच्या लहानशा मात्रेनंही मेंदूतली हिस्टामिनची निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त ठिकाणं अडवली जातात. फेक्सोफेनाडिन मात्र जवळजवळ मेंदूत पोचतच नाही. सेटिरिझिन या दोघांच्या मध्ये बसतं. 'सेटिरिझिननं झोप येत नाही' असं सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. काहींना येते, आणि चांगली येते.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोवे आणि अ‍ॅन-मारी स्टॉब यांनी 1937 मध्ये या जातीचा पहिला पदार्थ शोधला. तो माणसाला देण्याजोगा नव्हता, पण वाट सापडली, आणि बोवेंना 1957 चं नोबेल मिळालं. मला त्याहून जवळची वाटते ती 1947 ची गोष्ट. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये एका गरोदर बाईला अंगावर उठणाऱ्या गांध्यांसाठी डायमेनहायड्रिनेट दिलं गेलं. तिनं येऊन सांगितलं की ट्राममध्ये आपल्याला नेहमी मळमळायचं, ते या गोळीनं थांबलं. डॉक्टरांनी तिचं म्हणणं मनावर घेतलं, तपासून पाहिलं, आणि प्रवासातल्या उलट्यांवर जगाला औषध मिळालं. आज कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी डोकं टेकवून बसलेली बाई जी अ‍ॅव्होमिन घेते, ती याच घराण्यातली. तिच्यात प्रोमेथाझिन असतं. गाडीत बसल्यावर, मळमळ सुरू झाल्यावर ती घेण्यात फारसं हशील नाही. निघण्याआधी तास-दोन तास घ्यावी लागते. हे सांगितलं नाही तर माणूस घाटात एक घेतो, फरक पडला नाही म्हणून दुसरी घेतो, आणि उतरायच्या गावी त्याला हलवून उठवावं लागतं.

या औषधांची उपकारकता मला कमी लेखायची नाही. गरोदरपणातल्या उलट्यांसाठी डॉक्सिलामिन आणि बी-6 जीवनसत्त्वाची गोळी आज पहिल्या पसंतीची आहे. अमेरिकेत खोट्या भीतीपायी आणि खटल्यांपायी ती 1983 मध्ये बाजारातून गेली, आणि 2013 मध्ये परत आली. मधल्या तीस वर्षांत कितीतरी बायकांनी विनाकारण सोसलं. पूर्वी एका रुग्णालयाच्या फार्मसीत मी रात्रपाळीला होते, तिथलं एक दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. कॉलेजातली एक मुलगी. उलटी थांबवायचं इंजेक्शन कुठूनतरी घेऊन आलेली. मान एका बाजूला वळून तशीच अडकलेली, डोळे वर गेलेले, जबडा घट्ट. आई देव्हाऱ्यातल्या सगळ्या देवांना हाका मारत होती. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी प्रोमेथाझिनचं इंजेक्शन मागितलं. थोड्याच वेळात मुलीची मान सरळ झाली आणि ती पाणी मागू लागली. मेटोक्लोप्रमाइडसारख्या औषधानं असं कधीकधी होतं, विशेषतः तरुण मुलामुलींत. आणि ते सुटतं प्रोमेथाझिनच्या ज्या गुणानं, तो गुण हिस्टामिनशी संबंधितच नाही. ही जुनी औषधं शरीरातलं अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं दुसरं एक रसायनही अडवतात. त्या मुलीला त्यानंच सोडवलं. त्याच गुणानं म्हाताऱ्या माणसाचं काय होतं, ते पुढे सांगते.

आधी सर्दीच्या गोळीबद्दल, कारण सगळ्यात जास्त खपते ती तीच. तिच्यात साधारण तीन औषधं असतात: तापासाठी पॅरासिटामोल, नाक मोकळं करायला फिनाइलेफ्रिन, आणि क्लोरफेनिरामिन. तोंडानं घेतलेलं फिनाइलेफ्रिन नाक मोकळं करत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं सप्टेंबर 2023 मध्ये काढला. मग गोळी घेतल्यावर नाक सुकतं ते कशानं? बव्हंशी क्लोरफेनिरामिननं, आणि तेही हिस्टामिन अडवून नव्हे. विषाणूच्या सर्दीत हिस्टामिनचा वाटा लहान असतो. नाक सुकतं ते अ‍ॅसिटिलकोलिन अडल्यानं, म्हणजे तोंडही त्याच हिशेबानं सुकतं.

"मॅडम, नाक लई गळायलंय. सर्दीची द्या. अन् अंग खाजतंय, एक एविल पण द्या." पहाटे पावणेसहाला एक तरुण काउंटरवर. पाठीवर डब्याची पिशवी, पायात सेफ्टी शूज.

"काय काम करता दादा?"

"प्रेसवर आहे. वाळूजला."

"गाडीवर जाता?"

"कंपनीची बस हाये. चौकापर्यंत गाडी."

पॉवर प्रेस म्हणजे पत्रा ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, दाब खाली येतो. पुन्हा पत्रा, पुन्हा हात. पाळीभर तेच. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन आणि एविलमधलं फेनिरामिन ही सख्खी भावंडं. त्यात त्याच्या घरी खोकल्याची बाटली असेल, तर तिच्यातही बहुधा याच जातीतलं तिसरं. क्लोरफेनिरामिनची गोळी दिवसातून तीन-चारदा घ्यायची असते, म्हणून लोकांना वाटतं की ती चार-सहा तासांत अंगातून जाते. प्रौढ माणसाच्या रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे वीस तास लागतात. रात्री दहाला घेतलेली गोळी सकाळच्या पाळीत त्याच्याबरोबर प्रेसवर उभी असते.

"झोप येते का गोळीनं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "नाय, मला नाय येत." या उत्तरावर माझा विश्वास का बसत नाही, त्याला एक कारण आहे. 2000 साली आयोवा विद्यापीठात ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर एक प्रयोग झाला. रॅगवीडच्या परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्या चाळीस माणसांना आळीपाळीनं डायफेनहायड्रामिन, फेक्सोफेनाडिन, दारू आणि औषध नसलेली नुसती गोळी दिली गेली. डायफेनहायड्रामिन घेतल्यावर त्यांची गाडी दारू घेतल्यापेक्षाही वाईट चालली. फेक्सोफेनाडिनवर ती नुसत्या गोळीइतकीच नीट चालली. आणि कुणाला किती झोप आल्यासारखं वाटतंय, यावरून तो गाडी कशी चालवेल याचा नीटसा अंदाज बांधता येत नव्हता. झापड जाणवत नाही तरी हात मंदावलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूबरोबर औषधाच्या अमलाखाली गाडी चालवण्याचाही उल्लेख आहे. पण सर्दीची गोळी त्यात येऊ शकते हे चौकात कुणाच्या मनातही येत नाही.

त्या प्रयोगातलं रॅगवीड म्हणजे आपल्या गाजरगवताचं भाऊबंद. पुण्यात हे गवत 1950 च्या दशकात दिसलं आणि तिथून देशभर पसरलं. बीड बायपासच्या कडेला, रिकाम्या प्लॉटमध्ये, क्रीडा संकुलाकडच्या मोकळ्या जागांत पावसाळा सरता सरता ते कमरेइतकं होतं. त्या दिवसांत शिंकांचं आणि खाजेचं गिऱ्हाईक वाढतं. या माणसांना अँटिहिस्टामिन खरंच लागतं, कारण इथं दुखणं हिस्टामिनचंच आहे. पण त्यांना मेंदूत न शिरणारी गोळी मिळायला हवी. प्रेसवाल्या तरुणाला मी फेक्सोफेनाडिन घ्यायला सांगितलं, आणि नाक चार दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टर गाठायला. ती गोळी महाग पडते, हे त्यानं लगेच बोलून दाखवलं. एविलची एक गोळी चहाच्या घोटाहून स्वस्त असते. हा फरक खरा आहे, आणि कामगाराच्या खिशाला तो कळतो. म्हणून 'महागडी का विकता' असं कुणी म्हटलं की मी रागावत नाही. त्याच्या कामाचं नाव घेते आणि बोटांकडे बघते. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्यायचं, हेही सांगावं लागतं. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ते पोटातून कमी शोषलं जातं, आणि आपला जिल्हा तर मोसंबीचा, ज्यूसचा गाडा कोपऱ्यावरच उभा.

फेक्सोफेनाडिनची गोष्ट आणखी एका अंगानं धडा देणारी आहे. झोप न आणणारं पहिलं गाजलेलं अँटिहिस्टामिन टर्फेनाडिन होतं. ते बुरशीच्या किंवा अँटिबायोटिकच्या काही औषधांबरोबर घेतलं की हृदयाचे ठोके बिघडून माणसं दगावली, आणि 1998 मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून काढावं लागलं. फेक्सोफेनाडिन म्हणजे त्याच टर्फेनाडिनपासून शरीरात तयार होणारा, हृदयाला न छळणारा भाग. म्हणून नवीन गोळी आहे एवढ्यावर मी डोळे मिटत नाही. बाकी काय चालू आहे, हे तिच्याही बाबतीत विचारते.

मुलांचं प्रकरण वेगळं, आणि मला सगळ्यात जास्त बोचणारं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघालेलं जोडपं. कडेवर दीड वर्षाचं बाळ, नाक वाहतंय, किरकिर करतंय. "ताई, बाळ झोपेल असं काहीतरी द्या ना. मागच्या वेळी सर्दीच्या औषधानं छान झोपलं होतं." आईच्या डोळ्यांखाली काळं आलेलं, नवरा बसच्या वेळेकडे बघतोय. त्यांच्यावर चिडायचं कसं? पण औषध मी दिलं नाही. दोन वर्षांखालच्या मुलांत प्रोमेथाझिननं श्वास मंदावून मृत्यू झाले, म्हणून अमेरिकेनं 2004 मध्ये त्यावर सगळ्यात कडक ताकीद लावली. आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनच्या थेंबांच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये' असं छापायला लावलं. काही मुलांत तर उलटंच होतं: झोपण्याऐवजी मूल रात्रभर थैमान घालतं. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, अंगावरचं दूध, डोकं जरा उंच. एवढं सांगून मी त्यांना पाठवलं. बाप नाराज होऊन गेला.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधानं वीसहून अधिक मुलं गेली. त्यातली बरीच उपचारांसाठी नागपूरला आणली होती. तिथं मारलं ते डायएथिलीन ग्लायकॉलनं, औषधात मिसळलेल्या विषारी द्रावकानं. अँटिहिस्टामिनचा त्यात दोष नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवं. पण त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं जे सांगितलं, की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाचखाली शक्यतो टाळावीत, ते विषारी बॅच नसतानाही तितकंच खरं होतं. ज्या सर्दीला ते सिरप दिलं गेलं, ती बहुतेक मुलांत आपोआप बरी होणारी होती.

सुट्ट्यांत गावाकडून फोन येतात. "विंचू चावला, घरात एविल आहे, देऊ का?" मराठवाड्यात हा प्रश्न साधा नाही. आपल्याच भागातले, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1970 च्या दशकात महाडजवळ बिरवाडीला सरकारी डॉक्टर म्हणून गेले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशावर अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड आणि प्रोमेथाझिन घातलेलं गुंगीचं मिश्रण देण्याची पद्धत होती. रुग्ण शांत दिसायचा आणि हृदय निकामी होऊन जायचा. बावस्करांनी खाटेशेजारी बसून रुग्ण पाहिले, रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून माणसं वाचवली. 1986 मध्ये त्यांचा तो निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाचं विष हिस्टामिनचं काम करत नाही, ते हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर घाला घालतं. म्हणून फोनवर माझं उत्तर एकच असतं: गोळी शोधू नका, गाडी शोधा. मधमाश्या चावून घशाला सूज आली, श्वास लागला, तरी तेच. तिथं जीव वाचवतं ते मांडीत दिलेलं अ‍ॅड्रिनलिन; एविलचं इंजेक्शन त्याची जागा घेऊ शकत नाही. ते नंतरच्या खाजेसाठी.

आता म्हातारी माणसं. एक आजोबा दर पंधरवड्याला एविलची पट्टी न्यायचे. चिठ्ठी नसायची. "झोप लागत नाही हो. ही घेतली की लागते. साधीच आहे ना?" ही औषधं झोपेसाठी निरुपयोगी ठरतात ती चार-पाच दिवसांतच. मेंदू गुंगीला सरावतो, म्हणून गोळी एकाची दोन होते. अ‍ॅसिटिलकोलिन अडवण्याचं काम मात्र चालूच राहतं. त्यानं बद्धकोष्ठ होतं, नजर धूसर होते, आणि प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी तुंबते. काचबिंदूचा एक प्रकार एकदम उसळू शकतो. रात्री लघवीला उठताना तोल जातो. कधी माणूस संध्याकाळी घरातल्यांना ओळखेनासा होतो आणि सगळे म्हणतात, वय झालं. वृद्धांनी टाळायच्या औषधांची अमेरिकेतली 'बीअर्स' यादी जगभर वापरतात, तिच्यात ही जुनी अँटिहिस्टामिनं ठळकपणे आहेत. सिअ‍ॅटलमध्ये पासष्टीपुढच्या 3,434 माणसांना वर्षानुवर्षं पाहिल्यावर 2015 मध्ये असं दिसलं की या गुणाची औषधं दीर्घकाळ आणि जास्त घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश अधिक होता. त्यावरून गोळीनंच तो झाला असं सिद्ध होत नाही, हेही खरं. पण झोपेसाठी रोज घ्यायला ती नको, हे ठरवायला मला तेवढं पुरेसं आहे.

मी पट्टी देणं थांबवलं तेव्हा आजोबा दुखावले. दुसऱ्या दुकानात जातो म्हणाले. जाऊ शकले असतेच. मी विचारलं, लघवीला किती वेळ लागतो? ते गप्प झाले. मग हळू आवाजात म्हणाले, उभं राहून पाय दुखतात. त्यांच्या लेकीचा फोन नंबर घेतला.

लेक आठवड्यानं आली. मी सांगितल्याप्रमाणे घरातली सगळी औषधं कापडी पिशवीत भरून घेऊन आली होती. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या होत्याच. शिवाय चक्कर येते म्हणून कुणीतरी दिलेलं सिनारिझिन. तेही अँटिहिस्टामिनच, आणि म्हातारपणी महिनोन्‌महिने घेतलं तर हात थरथरायला लावणारं. खोकल्याच्या दोन अर्धवट बाटल्या, दोन्हींत याच जातीचं औषध. प्रवासाची पट्टी. गेल्या दिवाळीत आणलेली सर्दीच्या गोळ्यांची डबी. सगळं मिळून आजोबा एकाच कुळातली औषधं पाच नावांनी घेत होते. मी ती काउंटरवर बाजूला काढली, कागदावर मराठीत नावं लिहून दिली, आणि ती यादी यूरॉलॉजिस्टला आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. उरलेल्या गोळ्यांच्या खाकी पाकिटांवर वेळा लिहिल्या. तिनं विचारलं, मग झोपेसाठी काय द्यायचं? आजोबा दुपारी जेवून किती झोपतात, ते मी आधी विचारलं. तीन तास, ती म्हणाली. तिथूनच सुरुवात केली.